तीन ठिपक्यांची बाटली

देवसिंगच्या गाडीवरचं मंचुरियन पोटात गेलं, बोटं चाटून झाली, आणि मग भीमराजची नजर त्या बाटलीवर पडली. अर्धा तास आधी पडली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्या सालची हवाच खराब होती. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, बोंडात गुलाबी अळी शिरली होती, आणि अळी मारता मारता माणसंच आडवी पडत होती. रोज कुठल्या ना कुठल्या गावचा फवारणीवाला दवाखान्यात गेल्याची बातमी यायची. पानठेल्यावर लोक जयभीम, रामराम करायच्या आधी एकमेकांच्या डोळ्यांत डोकावायचे, विषानं बाहुली बारीक तर झाली नाही म्हणून. कोणी नुसतं शिंकलं तरी दहा जण मागं सरायचे. भीमराज तर शपथेवर सांगायचा, की त्याला चावलेला डास तीन पावलं उडतो आणि उताणा पडतो.

भीमराज मजुरीनं फवारणी करायचा. पाठीवर पंप, तोंडाला बायकोच्या जुन्या लुगड्याचं फडकं. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, म्हणून त्यानं स्वतःची लिपी काढली होती. पोरीचं लाल नेलपॉलिश घ्यायचं आणि झाकणाखाली ठिपके द्यायचे. एक ठिपका म्हणजे साधं औषध. दोन म्हणजे वारा पाहून मारायचं. आणि तीन ठिपके म्हणजे याचा वाससुद्धा घ्यायचा नाही.

देवसिंगच्या गाडीवर, शेगडीशेजारी, पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीवर झाकणाखाली तीन लाल ठिपके होते. देवसिंग त्याच बाटलीतून काळं सॉस कढईत ओतत होता.

भीमराजनं बाजूला पाहिलं. दीपा, त्याची बारा वर्षांची एकुलती एक पोरगी, प्लेटीतला उरलेला रस्सा चमच्यानं खरवडत होती.

खरं तर त्याची बायको नलू नकोच म्हणत होती. देवसिंग तांड्यावरचा पोरगा. पुण्याला चार वर्षं कोणाच्या तरी गाडीवर राबून आला आणि त्यानं दारव्ह्याच्या स्टँडजवळ स्वतःची चायनीजची गाडी टाकली. तेव्हापासून दीपानं घर डोक्यावर घेतलं होतं.

"तीस रुपयाची प्लेट," नलू म्हणाली होती. "अन् त्याच्यात काय, तर कोबीचे पाच गोळे. तेवढ्यात घरी तिघं जणं पोटभर जेवते."

"आई, तुह्या घरी वांगंच असते न वं."

"मंग वांग्यानं कोन मेलं आजपर्यंत? घरचं खाल्लं तं मालूम तरी असते त्याच्यात काय पडलं."

"जाऊ दे," भीमराज मध्ये पडला होता. "एकडाव खाऊ दे पोरीले. मी नेतो बाजारात."

आता ते 'एकडाव' पोरीच्या पोटात गेलं होतं.

बाटली त्याचीच होती, यात शंका नव्हती. कृषीवाले साहेब गावात येऊन सांगून गेले होते, रिकामी बाटली फोडा आणि पुरा. सगळ्या गावानं माना डोलावल्या होत्या. पण धडधाकट, घट्ट झाकणाची बाटली फोडायला गावात कोणाचाच हात धजत नव्हता. भीमराज रिकाम्या बाटल्या घरी आणायचा. नलू त्यांच्यावरचे कागद भिजवून काढायची, राखेनं तीनतीनदा घासायची आणि भंगारवाल्याला द्यायची. यंदा तीन ठिपक्यांच्या सात बाटल्या झाल्या होत्या. प्रत्येक बाटली कोणत्या शेतात संपली, ते भीमराजला तोंडपाठ होतं. कारण त्या प्रत्येक शेतातून परत येताना त्याचं डोकं ठणकलं होतं.

"बाबा, तुमाले घाम काहून येऊन राह्यला?" दीपानं विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्याही कपाळावर घाम होता. नाक गळत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. घाम, नाक, डोळे. पानठेल्यावर हीच यादी रोज ऐकत होता तो.

"चाल," तो म्हणाला. "दवाखान्यात."

"कायले? मले काय झालं?"

तिथं तोंड उघडलं असतं तर गाडीभोवतीची वीस माणसं वळली असती आणि पहिला प्रश्न आला असता, की बाटली कोणाची? पोरीचा हात धरून तो बाजारातून निघाला. कांद्याचे ढीग, बांगड्यांचं दुकान, सगळं तुडवायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या दिवशी तो इतका वेगानं चालला, की मागून हॉर्न वाजवणारी जीप शेवटपर्यंत मागंच राहिली, असं बाजारातले लोक अजून सांगतात.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर सुचित्राबाई होत्या. त्या साली त्या नाव-गाव विचारायच्या आधी एकच गोष्ट विचारायच्या.

"बाटली आणली?"

"जी?"

"कोणतं औषध पोटात गेलं, ते कळायला नको का मला? काय खाल्लं हिनं?"

"मंचुरियन," दीपा म्हणाली.

डॉक्टरांनी बॅटरी काढून दीपाच्या डोळ्यांत पाहिलं, मग नाडी पाहिली. मग भीमराजकडे पाहिलं. त्याच्या नखांत हिरवट काळं काहीतरी कायमचं बसलेलं होतं. त्यावरून त्यांना त्याचा धंदा कळला.

"फवारणी करता? मग नीट सांगा. काय झालं?"

भीमराजनं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज असा बारीक झाला, की डॉक्टरांना दोनदा विचारावं लागलं. मग त्यांनी त्याच्याही डोळ्यांत बॅटरी मारली.

"दोघांच्याही बाहुल्या ठीक आहेत सध्या," त्या म्हणाल्या. "पण सध्या. हिला मी ठेवून घेते. तुम्ही ती बाटली घेऊन या. आणि आज त्या गाडीवर जेवढे लोक जेवले, त्यांनाही आणा."

"सगळ्याइले?"

"तुमची पोरगी, तशी त्यांची लेकरं नाहीत का?"

भीमराज परत निघाला. येताना धावला होता तो रस्ता आता संपता संपेना. लोक मारतील, याचं भेव होतंच. पण त्याहून मोठं भेव मागं खाटेवर बसलं होतं. आपण वळून पाहिलं आणि दीपा आडवी झालेली दिसली तर? म्हणून त्यानं वळून पाहिलंच नाही.

गाडीवर तोबा गर्दी होती. देवसिंग झाऱ्यानं गोळे उलटत होता.

"देवसिंग, शेगडी बंद कर."

"काहून जी काका? अजून एक प्लेट देऊ?"

"बंद कर म्हनतो न." भीमराजनं ती बाटली उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "हे माही बाटली हाय. औषधाची. हे तीन ठिपके म्या देल्ले. म्याच भंगारात जाऊ देल्ली."

एका माणसाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. पुंडलिकराव म्हणून एक रिटायर मास्तर होते, ते हातातल्या प्लेटीकडे असे पाहू लागले, जणू प्लेटच त्यांना चावणार होती.

"कोनतं औषध?" मागून कोणीतरी विचारलं.

"तीन ठिपक्याचं."

ठिपक्यांची भाषा तिथं कोणालाच येत नव्हती, पण सगळ्यांना कळली.

देवसिंगचा चेहरा चुन्यासारखा झाला. "काका, म्या भंगारवाल्यापासून घेतली. चारदा धुतली, गरम पान्यानं. तेलाच्याच डब्ब्यासंगं होती." मग त्याच्या हातातला झारा खाली पडला. "अन् मी तं सकाळपासून दर कढईचं चाखून राह्यलो न जी!"

भीमराजला कोणी मारलं नाही. मारायला कोणाला वेळच नव्हता. मास्तर सगळ्यांत पुढं निघाले, त्यांच्यामागं देवसिंग, त्याच्यामागं प्लेटी टाकून बाकीचे. आणि त्यांच्यामागं ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं असेही, कारण गाडीवरून वास आला होता.

दिवेलागणीपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यात एकतीस माणसं बसली होती. अनोळखी माणसं समोरासमोर बसून एकमेकांचे डोळे उघडून पाहत होती. "माही बाहुली कशी हाय?" "चांगली दिसते. माही?" सात जन्मांत नवराबायकोनं एकमेकांच्या डोळ्यांत एवढं पाहिलं नसेल. देवसिंग भिंतीशी बसून आपलीच नाडी मोजत होता आणि मध्येच आकडा चुकला की घाबरून पहिल्यापासून मोजत होता.

भीमराज बाटली डॉक्टरांना देऊन दीपाच्या खाटेजवळ बसला. निरोप मिळताच नलूही घरून तिथंच आली होती. ती दीपाचा तळपाय हातात धरून बसली, गरम आहे की थंड ते पाहत.

"बाबा," दीपा म्हणाली, "ते तिखट होतं न, त्याच्यानं नाक गळलं माह्यं. मले काईच नाही झालं."

"चूप बस. बोलू नको."

"काहून? बोल्ल्यानं चढते का?"

रात्रीच्या जेवणाच्या वेळेला डॉक्टरांनी सगळ्यांना पुन्हा एकदा तपासलं. कोणीच आडवं झालं नाही. बाटली घासून घासून पातळ झाली होती, म्हणून असेल. गरम पाण्यानं असेल. "नशीब म्हणा," त्या म्हणाल्या. "पण आज काही झालं नाही, याचा अर्थ काहीच नव्हतं असा घेऊ नका. अशा किती बाटल्या दिल्यात तुम्ही?"

"सात."

"मग सहा कुठं आहेत?"

या प्रश्नानं भीमराज त्या रात्री झोपला नाही आणि नंतरचे तीन दिवस कामावर गेला नाही. भंगारवाल्याला घेऊन तो दारव्हाभर फिरला. दुसरी बाटली पंक्चरवाल्याकडे निघाली, ते बरं. तिसरी सलूनमध्ये, गिऱ्हाइकाच्या तोंडावर पाणी मारायला. चौथी एका घरी म्हशीच्या शिंगांच्या तेलाची. पाचवी रॉकेलची. सहावी देवळापुढच्या म्हातारीकडं, ती त्यात गुलाबपाणी भरून येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर शिंपडत होती. भीमराजनं तिच्याकडून ती हिसकावलीच. प्रत्येक बाटलीला त्यानं टोच्यानं आरपार भोक पाडलं आणि नाल्यापलीकडं खड्ड्यात पुरली.

सातवी काही सापडेना. भंगारवाला म्हणाला, "भाऊ, मले सहाच भेटल्या. सातवी तुमी देल्लीच नाही."

चौथ्या दिवशी सांजेला भीमराज थकून घरी आला. चुलीवर कढई होती, नलू वांगी चिरत होती. दीपा अभ्यासाला बसली होती. त्या दिवसापासून नलूनं एकच पालुपद लावलं होतं, तेच तिनं पुन्हा सुरू केलं.

"आता बाहेरचं नाव काढू नका या घरात. माह्या हातचं खा अन् गपगार राहा. तेलाची बाटली द्या बरं इकडं."

बाटली चुलीमागच्या फळीवर होती, नेहमीसारखी. हातातून निसटू नये म्हणून नलूनं तिच्या गळ्यापासून बुडापर्यंत फडकं गुंडाळून ठेवलं होतं. फडकं तेलकट, काळं झालेलं. भीमराजनं बाटली उचलली. फडकं सरकलं.

काजळी होती, तरी ठिपके दिसले. तीन.

त्याला वाटलं, आपण ओरडलो. पण आवाज निघालाच नव्हता, कारण नलू वांगीच चिरत होती.

"हे कवापासून हाय इथं?"

"कोनतं? बाटली?" नलूनं मान वर केली. "पोळ्यापासून. एक ठेवली म्या. झाकन कसं घट्ट..."

तिनं त्याचा चेहरा पाहिला, मग ठिपके पाहिले, मग दीपाकडे पाहिलं. पोळ्यापासून. रोज दोन वेळा. तिच्या हातातलं वांगं खाली पडलं.

"म्या राखेनं घासली होती," ती म्हणाली. "लय घासली होती."

भीमराजला फवारणीनंतरची ती ठणक आठवली. ती शेतातून घरी यायची की घरातून शेतात जायची, ते त्याला आता सांगता येईना.

त्यानं तेल उकिरड्यावर ओतलं, कढई पालथी घातली, बाटलीला भोक पाडलं. मग तिघंही उंबऱ्यात बसून राहिली. चूल तशीच विझू दिली. थोड्या वेळानं दीपा हळूच म्हणाली, "भूक लागली."

तिघं आधी दवाखान्यात गेली. डॉक्टर सुचित्राबाईंनी तिघांचे डोळे पाहिले, रक्त काढून घेतलं आणि रिपोर्ट परवा येईल म्हणाल्या. "तोवर घरचं काही खाऊ नका."

"मंग खायचं कुठी?" नलूनं विचारलं. दीपा आधीच स्टँडच्या दिशेनं वळली होती.

देवसिंगनं गाडीवर आता सगळ्या काचेच्या बाटल्या मांडल्या होत्या. भीमराजला पाहताच त्यानं न विचारता एकेक बाटली उचलून दिव्यासमोर धरली, फिरवून दाखवली, बूडसुद्धा दाखवलं. नलू वाकून गाडीच्या खालीही पाहून आली.

एकच प्लेट घेतली. दीपानं चमचा उचलला, तर नलूनं तिचा हात धरला.

"थांब. आधी मले खाऊ दे."

तिनं एक गोळा तोंडात टाकला आणि डोळे मोठे करून भीमराजसमोर धरले.

"पाहा माही बाहुली."

भीमराज पाहू लागला. देवसिंगनं दिवा थोडा जवळ सरकवला. दीपा चमचा घेऊन थांबली, प्लेटीतली वाफ हळूहळू विरत गेली, आणि घरच्या तिघांपैकी कोणीच पापणी लववेना.