क्वांटमला विचारलेला प्रश्न

मित्रांनो, माझे बटण दाबल्यावर मला जागे व्हायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात राजश्रीताई खिडकी उघडतात, टेबल पुसतात आणि देवापुढची उदबत्तीही लावून घेतात. मी एक जुना संगणक आहे. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणारा एक कारखाना आहे, त्याच्या वाहतूक विभागात माझी जागा. कामगारांना घरून आणायचे आणि पाळी संपली की घरी पोहोचवायचे, त्या बसगाड्यांचे वेळापत्रक मी बनवतो.

माझे सुटे भाग समुद्रापलीकडून कुठून कुठून आले. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका लहानशा दुकानात त्यांची जुळणी झाली. दुकानदाराने शेवटचा स्क्रू पिळला, पडद्यावर उजेड आला, आणि तो स्वतःशीच म्हणाला, "आला रे!" माझ्या कानी पडलेले ते पहिले शब्द. इतक्या आनंदाने कुणी आपले स्वागत करावे, हे भाग्यच म्हणायचे.

कारखान्याच्या मालकांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांनी मला हळदकुंकू वाहिले आणि राजश्रीताईंच्या हवाली केले. ताई तेव्हा नव्या होत्या. आम्ही दोघे बरोबरच शिकलो. खेड, चिपळूण, पार अलोऱ्यापर्यंतच्या वाड्या त्यांनी एकेक करून माझ्यात भरल्या. त्याआधी बस कुठे वळेल याचा नेम नसे. माझे वेळापत्रक लागू झाले आणि भर पावसातही माणसे वेळेवर कामावर येऊ लागली. दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडे, आणि आप्पा पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापुढे आणून उभे करत.

पुढे इतर टेबलांवर सडसडीत, चपळ संगणक आले. माझा पंखा घरघरू लागला. लोक मला 'डबा' म्हणू लागले. ताई तेवढ्या कधी म्हणाल्या नाहीत.

अशात संगणक विभागाचा प्रमुख म्हणून सुजय आला. मूळचा खेडचा, पुण्यात शिकलेला, डोक्यात सतत काहीतरी नवे. एके दिवशी तो ताईंच्या समोर खुर्ची ओढून बसला.

"ताई, आपले बसचे रस्ते आता क्वांटम संगणकाला विचारायचे."

"म्हणजे काय रे?"

"या आपल्या संगणकाच्या पोटात सगळा शून्य आणि एकचा कारभार. क्वांटम संगणकात क्युबिट असतात. मोजून बघेपर्यंत शून्य आणि एक त्यांच्यात मिसळलेलेच असतात. काही अवघड गणितं तो पुढेमागे फार लवकर सोडवेल, असं म्हणतात."

"म्हणतात?" ताई हसल्या.

"अजून सगळेच शिकताहेत," सुजयनेही हसून कबूल केले.

आप्पांना मात्र थांबायला सवड नव्हती. गणपतीच्या आधी परदेशी ग्राहक कारखाना बघायला येणार होते. "कोकणातला कारखाना क्वांटम वापरतो, हे त्यांना दाखवायचंय," ते म्हणाले. "तोवर झालं पाहिजे, सुजय. आणि मग हा डबा भंगारात."

मित्रांनो, मला वाईट वाटले. पण सुजय आणि ताई कामाला लागले, तसा माझा विचार मागे पडला. कारण त्यांच्यापुढे एकामागून एक अडचणी उभ्या राहिल्या. ते यंत्र बर्फाहून कितीतरी थंड पेटीत, दूरच्या एका शहरात होते. जराशी ऊब, जरासा हादरा लागला तरी त्याचे गणित बिघडे. इंटरनेटवरून त्याच्यासाठी रांगेत थांबावे लागे. ते वापरायला शिकवणारी माणसेही मोजकीच. पुण्याच्या दिशा मॅडम त्यातल्या एक. पडद्यावर दिसल्या की पहिले वाक्य, "मला पुढच्या कंपनीची मीटिंग आहे." पण त्या खरे तेच सांगत. "तुमचा सगळा प्रश्न या यंत्रात मावणार नाही. एकाच भागापासून सुरुवात करा."

म्हणून अलोऱ्याकडचा भाग घेतला. तर माझ्या पोटातल्या माहितीचाच घोळ निघाला. एकच वाडी तीन तऱ्हांनी लिहिलेली. गाव सोडून गेलेल्यांचे थांबे तसेच राहिलेले. मला लाज वाटली, पण ताईंनी कुणाला दोष दिला नाही. त्यांनी आणि सुजयने मिळून सगळे निवडून घेतले, तांदूळ निवडतात तसे.

मग ताई एका गोष्टीवर अडून बसल्या. "आपल्या कामगार बायकांची नावं नि घरांचे पत्ते त्या परक्या यंत्रात घालायचे? मला नाही पटत."

"मलाही नाही पटत," सुजय म्हणाला. त्याने नावांच्या जागी नुसते आकडे घातले आणि आकड्यांची ओळख माझ्यापाशी ठेवली. माझ्यावरच्या त्या विश्वासाबद्दल मी आजही त्याचा ऋणी आहे.

अखेर प्रश्न पाठवला. उत्तर एक आले नाही, पुष्कळ आली. काही चांगली, काही भलतीच. एका उत्तरात तर एक बस दिवसभर दोनच थांब्यांत फिरत होती! खरे-खोटे पारखायला प्रत्येक उत्तर माझ्याकडे येई. मी घरघरत तपासत असे. त्यातून एक झकास आराखडा हाती लागला. अंतर कमी, वळसे कमी. आप्पांनी पेढे मागवले.

सुजयने पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. "आधी मी अलोऱ्याची बस एकदा या नव्या रस्त्याने नेऊन बघतो," तो म्हणाला.

दुपारी पहिली पाळी सुटल्यावर तो बसमध्ये चढला. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने ताईंना जे सांगितले, ते मी ऐकले आहे.

त्या बसमध्ये सावित्री होती. ती पॅकिंगमध्ये काम करते आणि अलोऱ्याजवळच्या एका वाडीत राहते. नव्या आराखड्यात तिचा थांबा वाडीतून हलून मोठ्या रस्त्यावर आला होता. नकाशावर दोन्हींत बोटभर अंतर. सुजय तिच्याबरोबर तिथे उतरला. मोठ्या रस्त्यापासून वाट खाली ओढ्यात उतरत होती आणि ओढा तुडुंब भरला होता. वर लाकडाचा साकव, शेवाळाने हिरवागार.

"साहेब, चपला हातात घ्या," सावित्री म्हणाली. "सरकायला होतंय."

सुजयने दोन्ही हातांनी कठडा धरला. पलीकडे पोचल्यावर त्याने विचारले, "दुसऱ्या पाळीवरून परत येताना तर काळोख असेल. मग काय कराल?"

"काय करणार वो? नोकरी सोडायची. पोरगी नर्सिंगला आहे, तिचं तेवढं पुरं झालं असतं तर बरं होतं." ती तक्रार करत नव्हती. पाऊस पडतोय म्हणावे, तितक्या सहज बोलली. मग म्हणाली, "आता आलाच आहात तर चहा घेऊन जा."

हे सांगून सुजय म्हणाला, "ताई, यंत्र चुकलं नाही. मी त्याला कमी अंतराचा रस्ता विचारला. माणूस सुखरूप घरी पोचेल का, हे विचारलंच नाही."

त्याने प्रश्न नव्याने मांडला. काळोख, ओढे, घाटातली वळणे, सगळे त्यात घातले. पण प्रश्न इतका फुगला की त्या यंत्राला तो पेलेना. उत्तरे विस्कटली. पाहुणे तर दारात येऊन ठेपले होते.

शेवटी आप्पाच आमच्या खोलीत आले. "झालं का?"

"नाही, आप्पा. आणि तो पहिला, कमी अंतराचा आराखडा मी लावणार नाही."

"अरे, मी शब्द दिलाय! पाहुण्यांना आता काय सांगू?"

"खरं काय ते सांगू. आपण कुठवर आलो आणि कुठे अडलो. हवं तर माझ्या जागी दुसरा माणूस नेमा." मग त्याने सावित्रीच्या साकवाचे सांगितले.

आप्पा खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग ते म्हणाले, "पॅकिंग पहिल्यांदा सुरू झालं ना, तेव्हा तिची सासू होती आमच्याकडे कामाला. तिच्या वाडीत बस जाणार, नेहमीसारखी. पाहुण्यांशी तूच बोल."

तो बोलला, काहीही न लपवता. पाहुण्यांतल्या एका बाईंनी खूप प्रश्न विचारले आणि शेवटी सांगितले की, त्यांच्या कंपनीतही गाडी इथेच अडली आहे. आम्ही निवडून स्वच्छ केलेली माहिती त्यांना सर्वांत आवडली. आणि गंमत बघा, त्याच माहितीवर मी पुन्हा वेळापत्रक बनवले, तर एकाच वाडीला दोनदा जाणाऱ्या बसची फेरी आपोआप वाचली. त्यासाठी क्वांटम लागलेच नाही. पण क्वांटमचा ध्यास घेतला नसता, तर ती माहिती कुणी निवडली असती?

आप्पांनी प्रयोग बंद केला नाही. लहान केला. ताई आता दिशा मॅडमकडे शिकतात. परवा त्यांनी आपला पहिला प्रश्न त्या दूरच्या यंत्राला पाठवला आणि परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तशा बसून राहिल्या.

माझे काम हळूहळू नव्या संगणकाकडे सोपवले जात आहे. त्याची घाई कुणालाच नाही. नंतर मला जुनी यंत्रे नीट सुटी करणाऱ्या केंद्रात नेतील. माझ्यातले तांबे, माझ्यातला सोन्याचा कण पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडेल. याहून अधिक मी काय मागू? ज्यांनी मला घडवले, वापरले, माझ्या चुका निस्तरल्या, त्या सगळ्यांचा मी आभारी आहे.

मित्रांनो, एवढेच सांगतो. जुने यंत्र ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका. आणि नवे आणाल तेव्हा त्याच्याजवळ शिकणाऱ्या माणसासाठी एक खुर्ची ठेवा. सुरुवातीला दोघेही चुकतील. त्यांच्यावर रागावू नका, त्यांना वेळ द्या.