पागेतली वीज

हिंदी मुलखातल्या एका जुन्या शहरात, लक्ष्मी गेटच्या आत शकुंतलाचं घर होतं आणि घरामागे, अंगण ओलांडलं की, पागा. तिथे घोडे बांधलेले कुणी पाहिले नव्हते. सासऱ्यांच्या लहानपणीही त्या दगडी खोलीत लाकडं आणि मोडक्या खाटाच असायच्या, पण नाव टिकून राहिलं होतं. घराच्या माडीवर वेगळी चूल मांडलेली धाकटी जाऊ कल्याणी त्या पागेत शिवणाचं दुकान काढणार असं ठरलं, तेव्हा शकुंतला "बरं झालं" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. चहात साखर घालायची राहूनच गेली.

या घरातून आजवर कपडे शिवून जायचे ते शकुंतलाच्या हातचे. छावणीतल्या अफसरांच्या बायका रिक्षा करून तिच्याकडे यायच्या. कल्याणी लग्न होऊन आली तेव्हा तिला साधं काज करता येत नव्हतं. शकुंतलानेच शेजारी बसवून शिकवलं. पोरगी हुशार निघाली. मोबाइलवरचे नमुने बघून असे काही ब्लाउज शिवायला लागली, की तरण्या मुली दारात येऊन शकुंतलालाच विचारायच्या, "कल्याणी भाभी हैं?"

तेवढंही तिने गिळलं असतं. पण पागेत मोटरची मशिनं चालवायची, इस्त्री, पंखा लावायचा म्हणजे वीज हवी. वरून तार ओढली तर माकडं लोंबकळणार, म्हणून घरातून जमिनीखालून केबल न्यायचं ठरलं, आणि हे काम अंगावर घेतलं ते तिच्या नवऱ्याने.

अनंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. धाकटा भाऊ विक्रम इटारसीला नोकरीवर, रविवारपुरता घरी यायचा. तेव्हा भावजयीचं काम आपणच बघायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. सकाळी धोतर खोचून ते स्वतः चर खणायला उतरायचे आणि खणता खणता गुणगुणायचे. कल्याणी त्यांना पाणी आणून द्यायची. शकुंतला खिडकीतून बघत राहायची. याच खिडकीच्या उजेडात तिने इतकी वर्षं सुई ओवली होती. आभाळ भरून आलं की शिवण बंद. तिच्या मशीनवर एक दिवा लावावा, असं या माणसाला कधी सुचलं नव्हतं.

अर्ध्या अंगणात कुदळ खडकावर खणखणली. इलेक्ट्रिशियन मुकेशने येऊन पाहिलं आणि सुचवलं, की चर जरा वळवून मोगऱ्याच्या वाफ्यातून नेऊ, तिथे माती मऊ आहे.

"माझ्या मोगऱ्याला हात लावायचा नाही," शकुंतला ओट्यावरून म्हणाली.

अनंतरावांनी समजावून पाहिलं. ती बधली नाही. मग मुकेश म्हणाला, की खडकावर केबल जेमतेम वीतभर खोल बसेल; तेवढ्या भागात ती लोखंडी पाइपातून न्यावी लागेल आणि वर विटा लावाव्या लागतील. पाइप उद्या आणतो, असं सांगून तो गेला.

दुसऱ्या दिवशी अनंतराव गुरसरायला नातलगाच्या तेराव्याला गेले. कल्याणी दोरे आणायला बाजारात गेलेली. मुकेश खांद्यावर पाइप घेऊन आला, तेव्हा शकुंतला एकटीच होती. तिच्या तोंडून कसं निघून गेलं तिचं तिलाही कळलं नाही.

"वो मना कर गए हैं, भैया. ऐसे ही भर दो."

मुकेशने दोनदा विचारलं. तिने दोनदा मान हलवली. पुटपुटत त्याने चर बुजवला, पागेत दिवा लावून दाखवला आणि पाइप परत घेऊन गेला. पाइपाशिवाय केबल पायाखाली दबेल, दिवा सारखा जात राहील, कल्याणी कंटाळेल, एवढंच शकुंतलाच्या मनात होतं. त्यापुढचा विचार तिने येऊच दिला नाही. संध्याकाळी अनंतरावांनी पाइप बसला का म्हणून विचारलं, तेव्हा भाजी ढवळत ती "हो" म्हणाली.

दुकान नवरात्रात उघडलं आणि दिवा एकदाही गेला नाही. दुपारभर पागेतून मशिनांची घरघर यायची. जुन्या गिऱ्हाइकणी शकुंतलाला नमस्कार करून तिच्या दारावरून मागे जायच्या. तिची स्वतःची मशीन बरेचदा झाकलेलीच असे.

एका दुपारी कल्याणी पहार घेऊन अंगणात आली. दुकानाची पाटी रस्त्यावरून दिसावी म्हणून तिला खांब रोवायचा होता. बुजवलेल्या चराची खूण आता मिटली होती; इथे तिथे बघत ती नेमकी खडकाजवळ थांबली. शकुंतला ओट्यावर गहू निवडत होती. शेजारी भिंतीला टेकवलेल्या पाटीवर मोठ्या गुलाबी अक्षरांत कल्याणीचं नाव होतं. कल्याणीने पहार उचलून घाव घातला. माती उडाली.

शकुंतला काहीच बोलली नाही. ती त्या नावाकडेच बघत होती. बोलावं, उठावं असं तिला वाटलं नाही, आणि ते वाटलं नाही हे तिला स्वतःला स्पष्ट कळलं. त्यानेच ती घाबरली. कल्याणीने पहार पुन्हा डोक्यावर नेली, तेव्हा शकुंतलाच्या मांडीवरचं सूप उडालं. ओट्यावरच्या मीटरखाली मेन स्विच होता. तिने तो खाली ओढला आणि त्याच क्षणी पहार मातीत शिरली.

पागेतला पंखा थांबला. कल्याणी वळून म्हणाली, "लाइट गेली वाटतं, जिज्जी."

"गेली नाही. मी बंद केली. बाजूला हो तिथून."

दोघींनी हातांनी माती उकरली. केबलचं काळं कातडं चिरलं होतं आणि आतली तांब्याची तार चमकत होती. कल्याणी तिथेच मातीत बसली. मग तिने विचारलं, "इथे पाइप होता ना?"

"मुकेश घेऊन आला होता. मी परत पाठवला."

"का?"

"ते तुझ्यासाठी खणत होते," ती म्हणाली. "मला बघवलं नाही."

कल्याणीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं बाजारात अनोळखी बाईकडे बघतात. मग उठली, पहार तिथेच टाकली आणि पागेचं दार आतून लावून घेतलं.

संध्याकाळी अनंतरावांना शकुंतलानेच सांगितलं, पाटीकडे बघत गप्प बसली होती त्या क्षणासकट. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

"माझ्यावर राग होता तर मला बोलायचं होतंस," ते म्हणाले. "तिला का?"

"तुम्हाला बोलून तुम्ही काय केलं असतं?"

दुसऱ्या दिवशी मोगरे शकुंतलानेच मुळांसकट उपटून काढले, आणि नवी केबल वाफ्यातून कमरेएवढी खोल गेली. विटा तिने स्वतः एकेक करून लावल्या. मुकेश वर उभा राहून बघत होता. पुन्हा तिच्या शब्दावर काही बुजवायला तो तयार नव्हता.

कल्याणी दिवाळीतही तिच्याशी बोलली नाही. फराळाचं ताट आलं ते विक्रमच्या हाती. मग लग्नसराईत एकदा ती शकुंतलाच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. हातात भारी जरीचं कापड होतं. कात्री लावायची हिंमत होत नव्हती, असं तिने उंबऱ्याकडे बघतच सांगितलं. शकुंतलाने कापड जमिनीवर पसरलं, खडूने रेघ मारली आणि एका दमात कापून दिलं. कल्याणी तुकडे गोळा करून गेली. आत मात्र आली नाही.

चार दिवसांनी ते जरीचं कापड दिलेली बाई पागेतून बाहेर पडली, ब्लाउज अंगाला लावून बघत, कल्याणीच्या हाताची तोंडभरून तारीफ करत. शकुंतलाच्या छातीत जुनी कळ उठली, होती तशीच. ती उठून आत गेली आणि कणीक मळायला बसली.