कॉलरच्या आतली खूण

चष्मिष पहिल्यांदा आली तेव्हा विमा विकणारी असेल असं समजून मावशींनी तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. दुसऱ्यांदा आली तेव्हा चहा दिला आणि गुडघेदुखीवर तासभर बोलून परत पाठवलं. पण जाड चष्म्याची ती पोरगी, मावशींची चष्मिष, चिवट निघाली. क्रांतीच्या वर्षात या आळीत काय घडलं यावर ती विद्यापीठात प्रबंध लिहीत होती, आणि दर बुधवारी दुपारी तीनच्या ठोक्याला दारात उभी राहायची.

आळी धुलाईवाल्यांची. चार पिढ्यांपूर्वी डोंगरापलीकडून आलेली माणसं, घरात बोली वेगळी, म्हणून सगळं शहर त्यांना ‘पलीकडचे’ म्हणायचं. शहराच्या चादरी, सदरे, टेबलावरची कापडं यांच्याच भट्ट्यांत उकळत. तरी माणसं पलीकडचीच. क्रांतीच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक शाळाशाळांतून होतं, त्यात त्यांच्या वाट्याला एक ओळ आली होती : ‘पलीकडच्यांनी दारे लावून घेतली व लढ्यात भाग घेतला नाही.’

“ही ओळ खरी आहे का, तेवढंच सांगा,” चष्मिष म्हणायची.

“दारं लावली होती, खरं आहे. उघडी टाकून कोण झोपतं गं?”

“मावशी, महिनाअखेर पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला जातेय. संपादक म्हणतात, ओळ बदलायची तर पुरावा आणा. नाहीतर पुढची वीस वर्षं मुलं हेच घोकणार.”

“घोकू देत. आमची कुठली मुलं तिथं पहिली येतायत?”

हसून विषय बदलायचा, हे आळीचं जुनंच कसब. क्रांती झाली, सरकार बदललं, पुन्हा बदललं, पण वारा कधी फिरेल याचा नेम नाही म्हणून म्हाताऱ्यांनी ओठ शिवले ते कायमचे. मावशींचे मात्र दुहेरी शिवलेले होते.

तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांच्या घरी खुणा घालायचं काम त्यांच्याकडे असे. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक खूण, कॉलरच्या आत लाल दोऱ्याने घातलेली. दोन उभे एक आडवा म्हणजे वकील, तीन तिरके म्हणजे दवाखाना. नवीन गिऱ्हाईक आलं तर नवीन खूण. खुणेशिवाय कपडा पाण्यात गेला तर घरात रामायण व्हायचं. आणि त्या वर्षी एका सकाळी आईने रक्ताने माखलेले दोन सदरे पुढ्यात टाकले आणि पाणी आणायला गेली. वाळवणाच्या खोलीमागे तीन दिवस दोन माणसं लपली होती, हे मुलीला माहीत होतं. पण या कपड्यांवर खूण घालायची नाही, हे सांगायचं आई घाईत विसरली. मुलीने विचार केला, यांचं घर नाही, मग यांना कुठली खूण द्यावी? तिने दोन्ही कॉलरच्या आत चिमणीच्या पायासारखे तीन टाके घातले आणि कामाला लागली.

आईला ते दुसऱ्या सदऱ्यावर दिसले तेव्हा पहिला सदरा अंगात घालून माणूस निघून गेला होता. आईने आयुष्यात एकदाच हात उगारला, तो त्या दिवशी. लाल दोरा म्हणजे धुलाईवाल्यांची आळी, हे शिपायांच्या पोरांनाही ठाऊक होतं. तो शुक्रवार. मंगळवारी शिपायांनी बाबांना पकडलं.

बाबा तीन वर्षांनी परत आले, खोकत खोकत आणखी सहा वर्षं जगले. त्यांनी कधी विचारलं नाही. तिने कधी सांगितलं नाही. तिचं लग्न झालं, मुलं झाली, नवरा गेला, आळीत भट्ट्यांच्या जागी यंत्रं आली. तो मंगळवार मात्र पासष्ट वर्षं छातीवर धोंड्यासारखा बसून होता. चष्मिषला काय सांगणार? आम्ही लढलो, आणि माझ्या टाक्यांनी माझ्या बापाला धरून दिलं?

अकराव्या बुधवारी चष्मिषने चहाच्या कपाशेजारी एक फोटो ठेवला.

“संग्रहालयाच्या कोठारात क्रांतीतल्या एका मास्तरांचा सदरा आहे. नोंदीत लिहिलंय ‘कॉलर उसवल्याने दुरुस्तीचे टाके’. मला ती दुरुस्ती वाटत नाही. तुम्ही इतकी वर्षं कपडे हाताळलेत, म्हणून म्हटलं विचारावं.”

मावशींनी फोटो उचलला. मग खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.

“हा कुठे सापडला? पोलिसांच्या सामानात?”

“नाही, मास्तरांच्या नातीने दिला.”

“मला बघायचाय. उद्या.”

“मावशी, गुडघे?”

“मसणात गेले गुडघे!”

कोठार तळघरात होतं. थंड, डांबरगोळ्यांच्या वासाचं. तिथला रखवालदार पांढरे हातमोजे घालून पेटी उघडू लागला तसं मावशींना राहवलं नाही. “अरे, नवरदेवाचा फेटा आहे का तो? कापूसच आहे. उलटी घडी घातलीय, मोडेल ना बाही.”

“आजी, हात लावू नका.”

“आजी कोण? तुझ्या वयाचा जावई आहे मला.”

रखवालदाराने कॉलर उलटली. लाल दोरा आता विटकरी झाला होता. तीन टाके, मधला लांब, आणि तिन्हींचा कल डावीकडे. आळीतल्या सगळ्या बायकांचे टाके उजवीकडे कलत. एकटीचेच उलटे पडायचे, कारण ती डावखुरी होती आणि त्यावरून रोज बोलणी खायची.

मावशींनी पेटीच्या काठाला धरलं. “हा माझा टाका आहे,” त्या म्हणाल्या. चष्मिषने स्टूल ओढून त्यांना बसवलं. मग त्यांनी सगळं सांगितलं : दोन सदरे, आईचा हात, शुक्रवार, मंगळवार. रखवालदार मोजे काढून कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता.

“म्हणजे तुम्हाला वाटत आलंय की हा सदरा शिपायांच्या हाती लागला?”

“नाहीतर बाबांना का नेलं?”

चष्मिषने पेटीतला कागद काढला. “हे नातीचं पत्र. मास्तर शुक्रवारी दिवेलागणीला नदी उतरून सीमेपार गेले. ह्याच सदऱ्यात. नंतर तो मरेपर्यंत त्यांच्या ट्रंकेत होता. मावशी, एकाही शिपायाने ही कॉलर पाहिलेली नाही.”

मावशींनी ते पत्र हातात घेतलं.

“आणि बाबा?”

“तुमच्या वडिलांची पोलीस दप्तरातली नोंद मी दोन महिन्यांपूर्वीच उतरवून घेतलीय. पण ते तुमचे वडील, हे मला कुठे माहीत होतं? तुम्ही नावच सांगत नव्हता.” तिने वही उघडली आणि वाचलं. “मंगळवार. धुलाईवाला, आळीतला, संचारबंदी मोडून हातगाडीसह पुलावर. चादरींच्या खाली पट्ट्या, टिंचर आणि जखमेला टाके घालायचं सामान. कोणासाठी नेतोस विचारता उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारता उत्तर दिलं नाही.” तिने वही पुढे सरकवली. “असं पाच वेळा लिहिलंय.”

“दारू आणायला गेले होते असं आई सांगायची,” मावशी म्हणाल्या. “आम्ही रागावायचो त्यांच्यावर. पण शिपाई त्यांच्या मागावर माझ्या टाक्यांमुळेच होते, असं मी धरून चालले.” त्यांनी पदराने चष्मिषचाच चष्मा पुसला, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि स्वतःचे पुसायला त्यांना वेळ नव्हता.

“मावशी, सदरा, नोंद आणि तुमचं बोलणं, एवढं पुरे आहे. संपादकांना ओळ बदलावीच लागेल. माझ्या रेकॉर्डिंगच्या यंत्रात सांगाल?”

“इथे नाही. हे गोदाम आहे. रविवारी घरी ये. आणि एकटीचं ऐकून काय करशील? दुसरा सदरा ज्याचा होता, तो कुठल्या घरातून पुढे गेला ते मला माहीत नाही. ते नगाऱ्याला माहीत असणार.”

नगारा म्हणजे समोरच्या घरातली म्हातारी. तिचा आवाज आळीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाई, पण क्रांतीचा विषय निघाला की तीही मुकी व्हायची.

घरी परतल्यावर मावशी आधी समोरच्या पायऱ्या चढल्या. सदऱ्याचं सांगितलं, बाबांचं सांगितलं, आणि म्हणाल्या, “आता माझ्याकडे लपवण्यासारखं काही उरलं नाही. तुझ्याकडे आहे?” नगाऱ्याने इस्त्री केलेल्या चादरीची घडी पूर्ण केली. मग म्हणाली, “रविवारी खुर्च्या पुरतील का तुझ्याकडे?”

खुर्च्या पुरल्या नाहीत. पाच म्हाताऱ्या आल्या, दोघी पलंगावर बसल्या. यंत्र मधल्या तिवईवर ठेवायचा अवकाश, नगाऱ्याने सुरुवात केली.

“दुसरा माणूस आमच्या नीळ ठेवायच्या खोलीत होता. पाच दिवस.”

“पाच कुठले? दोन! तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आणला, तुझ्या सासूला शिंका यायला लागल्या म्हणून.”

“माझ्या सासूला काढू नकोस.”

“मग दिवस वाढवू नकोस!”

“तो निळा होऊन बाहेर पडला होता, एवढं खरं,” पलंगावरची एकजण म्हणाली, आणि पासष्ट वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत या गोष्टीवर कुणी हसलं.

“एकेक करून, प्लीज, एकेक करून!” चष्मिष हात जोडत होती. “कुणापासून सुरू करू?”

मावशींनी हात वर केला.

“मंगळवारपासून कर,” त्या म्हणाल्या. “आणि आधी माझ्या बाबांचं नाव लिही. पूर्ण लिही, आमच्या बोलीत जसं म्हणतात तसं. मी सांगते, तू लिही.”