हिरव्या जाळीची साक्ष

वर्षाचा शेवटचा महिना, त्यातला दुसरा शनिवार, सकाळचे साडेअकरा. स्थळ: दोन जिने चढून गेल्यावर डाव्या हाताला लागणारा दातांचा दवाखाना, त्याची बाहेरची खोली. या दिवशी, या स्थळी, एका लहानशा मासोळीचा जीव गेला आणि तो कशामुळे गेला याविषयी तिथे हजर असलेल्या चार माणसांनी चार मते दिली. पाचवे मत माझे आहे. ते कोणी विचारले नाही, कारण मला विचारण्याची पद्धत नाही. म्हणून, मित्रांनो, मी ते आपणहून सांगते.

मी एक जुनी जाळी आहे. टाकीतले मासे उचलायची, तळहाताएवढी, हिरव्या नायलॉनची. तारेची चौकट, तारेचाच दांडा, आणि दांड्याच्या टोकाला खिळ्यावर अडकण्यापुरता वळसा. एवढाच माझा देह.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे बारा शिलाई यंत्रे एका रांगेत खडखडत असत. मला शिवणाऱ्या बाईने टाकीतला मासा कधी पाहिलेला नव्हता. तरी शेवटचा टाका घालून झाला की ती प्रत्येक जाळी आपल्या गालावरून एकदा फिरवी. शेजारीण तिला हसे. म्हणे, "अगं, मासा काय तक्रार घेऊन येणारे तुझ्याकडे?" त्यावर ती म्हणे, "येणार नाही, म्हणूनच बघते." पुढच्या आयुष्यात मला पुष्कळ शिकलेली माणसे भेटली. एवढा विचार त्यांच्यापैकी एकालाही सुचला नाही.

तिथून मी शोभेच्या माशांच्या एका दुकानात आले. भिंतभर टाक्या, टाकीटाकीत हवेचे पंप, आणि त्यांच्या अखंड बुडबुडाटात बसून बसून मोठ्याने बोलायची सवय लागलेला दुकानदार. त्याला सगळे 'बुडबुडे' म्हणत. त्याच्या हातात मी दीड वर्ष काढले. तो मला पाण्यात हळूच तिरकी उतरवी आणि मासा आपणहून आत यावा तसा येई. "हिचा हात हलका आहे," असे तो गिऱ्हाइकांना सांगे. माझ्या वाट्याला आलेले कौतुक ते एवढेच. मला ते शब्दशः आठवते.

एके दिवशी दुकानात दातांचे डॉक्टर आले. पांढरा स्वच्छ सदरा, नखे कापलेली, बोटांना औषधी साबणाचा वास. दवाखान्यात पेशंट घाबरून बसतात, त्यांचे मन रमावे म्हणून त्यांना टाकी हवी होती. बुडबुड्यांनी टाकी, पंप, फिल्टर, रंगीत खडे आणि सहा गोल्डफिश काढून ठेवले आणि म्हटले, "डॉक्टर, दोनच गोष्टी सांगतो. पाणी सगळं एकदम बदलायचं नाही. आणि तो फिल्टरचा स्पंज आहे ना, तो फार घासूनपुसून..."

"अहो, स्वच्छता मला शिकवता?" डॉक्टर हसून म्हणाले. "माझ्याकडे चमचासुद्धा वाफेतून काढल्याशिवाय कुणाच्या तोंडात जात नाही."

बुडबुड्यांच्या ओठांवर पुढचे वाक्य आले होते. ते मी पाहिले. पण समोर मोठे गिऱ्हाईक होते. वाक्य आल्या वाटेने परत गेले. "ही जाळी घ्या वरून, जुनी आहे, फुकट," एवढेच ते म्हणाले. जे सांगायला हवे होते त्याच्या बदल्यात मला देण्यात आले, मित्रांनो.

ते न सांगितलेले वाक्य असे होते. मासा ज्या पाण्यात राहतो त्यातच मलमूत्र सोडतो, आणि त्याचे विष होते. ते विष पचवणारे अतिसूक्ष्म जीव स्पंजात आणि खड्यांवर वस्ती करतात. स्पंजाला बुळबुळीत साय धरते ती हीच वस्ती. म्हणून स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा, पाणी आठवड्याला थोडेथोडे बदलावे, आणि नळाच्या पाण्यातले जंतुनाशक औषध उतरवून मगच ते टाकीत घालावे. हे सांगायला मला जेवढा वेळ लागला तेवढाच बुडबुड्यांना लागला असता.

दवाखान्यात दर शनिवारी सकाळी आठ वाजता टाकीची सफाई होई. झाडलोट करणाऱ्या मावशी मला खिळ्यावरून काढत, मासे एका प्लास्टिकच्या मगात ठेवत आणि टाकी रिकामी करत. काच साबणाने घासली जाई. स्पंज जंतुनाशकात बुडे. आणि खडे? खडे स्टीलच्या ट्रेमध्ये पसरून ऑटोक्लेव्हमध्ये जात, म्हणजे दात काढायचे चिमटे ज्या यंत्रात वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक होतात त्यात. एकही जीव उरू नये यासाठी बनवलेले ते यंत्र आपले काम चोख करी. मग टाकी ताज्या नळाच्या पाण्याने भरत आणि मासे सोडत. काच अशी चकाके की येणारा जाणारा थबके.

मंगळवारपर्यंत पाणी धुरकट होई. मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागत. त्यांचे कल्ले लाल होत. बाकावर बसलेले पेशंट म्हणत, "बघा, कसे खेळतायत!" गुदमरणाऱ्याला खेळताना पाहून त्यांची भीती खरेच कमी होई. टाकी ज्यासाठी आणली ते काम ती करत होती. बुधवारी किंवा गुरुवारी मावशी मला खाली उतरवत, आणि मी एखादे थंडगार अंग उचलून बेसिनपर्यंत नेत असे.

यावर डॉक्टरांना दुःख झाले नाही असे मी म्हणणार नाही. त्यांना चीड येई. "माल खराब देतो तो," ते म्हणत, आणि लगेच दुसरा मासा मागवत. त्यांची विद्याच तशी होती. दात गेला की त्या जागी दुसरा बसवायचा, आणि असा बसवायचा की आरशात पाहणाऱ्यालाही कळू नये. त्यांच्याजवळ दातांच्या सोळा छटांची एक पट्टी होती. पेशंटच्या ओठांशी ती धरून, डोळे बारीक करून ते नेमकी छटा निवडत. "रिकामी जागा दिसता कामा नये," हे त्यांचे आवडते वाक्य होते. दातांच्या बाबतीत ते उत्तमच आहे.

त्या वर्षाच्या सातव्या महिन्यात एक नऊ वर्षांची मुलगी आजोबांचा हात धरून आली. तिचे पुढचे दोन दात इतके पुढे होते की आजोबा तिला लाडाने 'खारूताई' म्हणत, आणि वर्गातली मुले लाड वगळून त्याच नावाने हाक मारत. दातांना तार बसवायची होती. ती खुर्चीत बसेना. बसवली तर तोंड उघडेना. तिने ओठ असे मिटले होते की डॉक्टरांची दहा वर्षांची कला बाहेरच उभी राहिली.

शेवटी डॉक्टर तिला टाकीपाशी घेऊन आले. "यातली कुठली आवडली?"

तिने बोट दाखवले. एका केशरी मासोळीच्या उजव्या कुशीवर काळा ठिपका होता. "ती. टिकली."

"मग टिकली तुझी. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी यायचं, तार आवळून घ्यायची आणि हिला भेटायचं. मी सांभाळतो तोवर. शब्द देतो."

"नक्की?"

"डॉक्टर खोटं बोलतो का कधी?"

तिने तोंड उघडले.

टिकली पुढच्या गुरुवारी मेली. मावशींनी तिला माझ्यातून उचलून धरले आणि विचारले, "आता पोरीला काय सांगायचं?"

"काही सांगायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "ठिपक्याची दुसरी मागवा."

दुसऱ्या टिकलीचा ठिपका जरा खाली होता. खारूताईने काचेला नाक लावले आणि तत्काळ विचारले, "हिचा ठिपका सरकलाय?"

"सरकणारच. तुझे दात नाही का सरकतायत?"

हे उत्तर ऐकून बाकावरची माणसे हसली, मुलगीही हसली, आणि माझ्या मते त्या दवाखान्यात बोलले गेलेले सर्वांत दुष्ट वाक्य तेच होते. तिचे दात खरोखर सरकत होते; म्हणून तिने ते खरे मानले. पुढे तिसरी आली, चौथी आली, पाचवी आली. मुलगी पहिल्या दिवसापासून दर वेळी टाकीसमोर बसून वहीत टिकलीचे चित्र काढी, मग हसत खुर्चीत जाऊन बसे. तार आवळताना डोळ्यांत पाणी आले तरी तोंड मिटत नसे. तिला वाटे, आपण दोघी मिळून सरकतो आहोत.

मग तो शनिवार आला. आदल्या दिवशी बुडबुड्यांनी निरोप पाठवला होता: ठिपक्याची मासोळी नाही, बिनठिपक्याची देतो. सकाळी आठ वाजता, खडे यंत्रात शिजत असताना, डॉक्टरांनी ती कोरी मासोळी मगातून माझ्यात काढायला सांगितली. त्यांच्या हातात एक चिमुकली बाटली आणि केसाएवढा कुंचला होता. दाताला लागलेली कीड थांबवणारे एक औषध असते. ते लावले की तो भाग कायमचा काळा पडतो. ते त्यांनी आणले होते.

मावशींनी मला धरले. डॉक्टरांनी कापसाने मासोळीची कूस कोरडी केली, वहीतल्या मागच्या महिन्याच्या चित्राइतकाच ठिपका आठवून अचूक जागी औषध टेकवले, आणि ते लवकर काळे पडावे म्हणून दाताचे सिमेंट वाळवायचा निळा दिवा त्यावर धरला. मासोळी माझ्यात आपटत होती.

"डॉक्टर, हिला भाजत असेल हो."

"माशाला काय कळतंय, मावशी. सुन्न केलेल्या दाताला कळतं का?"

"पण हिला सुन्न कुठं केलंय?"

डॉक्टरांनी दिवा आणखी जवळ नेला. "जाळी हलवू नका," ते म्हणाले.

मी हलले नाही. मला हलता येत नाही, हे माझे समर्थन आहे. पण मावशींना हलता येत होते, आणि त्याही हलल्या नाहीत. ठिपका उत्तम जुळला. डॉक्टर एक पाऊल मागे सरून डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहत होते.

साडेअकराला खारूताई आली. सहावे चित्र काढायला तिने वही उघडली आणि पेन्सिल थांबली. टिकली कुशीवर तरंगत होती. ठिपक्याभोवतीचे खवले सुटून आले होते. तोंड एकदा उघडले, पुन्हा उघडले, मग उघडेच राहिले.

"झोपलीये ती," डॉक्टर म्हणाले.

आजोबांनी मला खिळ्यावरून काढले आणि मासोळी उचलली. आजोबा जन्मभर कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंगारी होते. त्यांनी मासोळीकडे पाहिले, मग मला उजेडाकडे धरले. माझ्या हिरव्या अंगावर, बरोबर ठिपक्याएवढा, एक काळा डाग उमटला होता. तो आजही आहे.

"जन्माचा रंग कापडाला लागत नाही, डॉक्टर," आजोबा म्हणाले. "हा लावलेला रंग आहे. रंगानं मारलंय हिला." हे पहिले मत.

"अहो, माल खराब देतो तो दुकानदार. मी तर फक्त पोरीचं मन मोडू नये म्हणून..." हे दुसरे मत.

"आपण धुतो फार," मावशी फडक्याकडे पाहत पुटपुटल्या. हे तिसरे मत. ते इतक्या हळू आवाजात होते की माझ्याशिवाय कोणी ऐकले नाही. त्यांच्याइतके खऱ्याच्या जवळ त्या खोलीत कोणीच गेले नव्हते. म्हणूनच मला त्यांचा राग सर्वांत जास्त येतो.

माझे मत असे आहे. टिकलीला औषधाने मारले हे खरे. पण तिच्या आधीच्या पाच टिकल्यांना आणि बाकीच्या सगळ्यांना एका समजुतीने मारले. मासा म्हणजे खोलीतली एक वस्तू, ती गेली तर दुसरी मिळते, ही ती समजूत. कोणी म्हणेल, डॉक्टरांचा हेतू चांगला होता. मला हे मान्य नाही. ज्याचा जीव आपल्या हातात आहे त्याला काय लागते हे विचारायचेही ज्याला जड जाते, त्याच्या हेतूला चांगला म्हणायचे कशासाठी?

आता त्या टाकीत प्लास्टिकचे मासे आहेत. पंपाच्या बुडबुड्यांबरोबर ते वरखाली होतात. पाणी कधी धुरकट होत नाही. रिकामी जागा दिसत नाही. पेशंट म्हणतात, "किती छान!" मी शेजारच्या खिळ्यावर आहे, मला काम उरलेले नाही, आणि काळ्या डागामुळे मला कोणी हात लावत नाही.

मित्रांनो, मासा घरी आणण्याआधी टाकी भरून काही आठवडे चालू ठेवा, ती वस्ती वसू द्या. दुकानदार बोलायचा थांबला तर त्याला बोलते करा. आणि हे सगळे जमणार नसेल तर मासा आणू नका. काचेकडे नुसते पाहायचे असेल तर खिडकी आहे. माझी विनंती संपली.

चौथे मत मी शेवटासाठी ठेवले होते. त्या दिवशी डॉक्टर वाकून म्हणाले, "चल, बस खुर्चीत. पुढच्या महिन्यात अगदी तश्शी टिकली आणतो."

खारूताईने वहीची पाचही चित्रे एकेक करून पाहिली. पाच मासोळ्यांच्या पाच वेगळ्या शेपट्या होत्या. त्या तिनेच काढल्या होत्या, आणि तिला त्या आत्ता दिसल्या. दात निम्मेच सरकले होते. शाळेत तिला अजून खारूताईच म्हणत होते. तिने वही मिटली.

"आजोबा, यांना माझी तार काढायला सांगा," ती म्हणाली. "यांना सांभाळता येत नाही."