पाहुणा आला की गप्प

नवं यंत्र एकटं असलं की गुणाचं होतं. हाक मारली की लगेच ओ द्यायचं, सांगितलेलं काम मुकाट्याने करायचं. पण त्याच्याकडे पहिला पाहुणा पाठवला रे पाठवला, की तोंडाला कुलूप. बरोबर अर्धं मिनिट. मग पुन्हा ओ द्यायला तयार, जसं काही घडलंच नाही.

सकाळपासून यंत्रबाईंनी हा तमाशा सहा वेळा पाहिला होता. सातव्यांदा पाहिला, खुर्चीत मागे रेलल्या आणि यंत्राला म्हणाल्या, "अगदी माझ्यावर गेलंयस रे मेल्या."

ऐकायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं. अकरा महिने झाले, नव्हतंच.

त्या नोकरीला होत्या एका ग्रंथालयात. तिथली पुस्तकं वाचायची नसत, ऐकायची असत. हौशी लोकांनी वीस वर्षं काचेच्या खोलीत बसून मोठ्याने वाचलेली चार हजार पुस्तकं, आणि ती घरबसल्या फोनवर ऐकणारे नऊशे अंध सभासद. यंत्रबाई मुळात टायपिस्ट म्हणून लागलेल्या. टायपिंग संपलं तेव्हा त्यांनी चाळिशीत, कुणी न शिकवता, पुस्तिका वाचून आणि यंत्रं बिघडवून हे दुसरं काम शिकून घेतलं. नाव मागे पडलं, यंत्रबाई उरल्या.

ध्वनिमुद्रणं एका वेगळ्या डब्यात सुरक्षित होती. ती सभासदांपर्यंत पोचवणारं मशीन मात्र आभासी होतं, एका मोठ्या यंत्राच्या पोटात चालणारं. मोठं यंत्र यजमान आणि पोटातलं मशीन पाहुणा, हे बारसं खोलीतल्या जुन्या सहकाऱ्यांनी, तारवाल्यांनी, केलेलं. आणि हा म्हातारा यजमान आता थकला होता. त्याला वीज पुरवणारा भाग इतका दमला होता की आठवड्यात दोनदा तो आपोआप पडला आणि आपोआप उठला. तिसऱ्यांदा उठेल याची खात्री नव्हती. आज शुक्रवार. सहाला इमारत बंद होणार ती थेट सोमवारी उघडणार, आणि सगळ्यात जास्त ऐकलं जायचं ते शनिवारी-रविवारीच. म्हणून आज सहाच्या आत नवा यजमान जोडायचा आणि पाहुणा त्याच्याकडे हलवायचा. त्याआधी नव्याची परीक्षा रिकाम्या, चाचणीच्या पाहुण्याने चालली होती.

अकरा वाजता नेहमीप्रमाणे हेडबाईंचा फोन आला होता. या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, दोन्ही डोळे गेलेल्या. आवाजातली छडी मात्र शाबूत.

"परवा गोष्ट मधेच थांबली. दहा मिनिटं."

"हो बाई. यंत्र पडलं होतं."

"मला वाटलं, मीच गेले."

यंत्रबाईंनी हातातला पेचकस खाली ठेवला.

"हसलात तरी चालेल. हे बघा, कामवाली शनिवार-रविवार येत नाही. घरात बोलणारं म्हणजे तुमचं तेवढं पुस्तक. चालू ठेवाल ना?"

"ठेवते," यंत्रबाई म्हणाल्या. म्हणून बसल्या खऱ्या.

त्यांचा पहिला संशय पुलावर होता. यजमानाला बाहेरच्या जगाशी जोडणारी तार एकच असते. पाहुण्यांनाही त्याच तारेवरून ये-जा करता यावी म्हणून यजमानाच्या आत एक पूल बांधतात. कागदोपत्री त्याला ब्रिज म्हणतात. त्यांनी तो तीनदा पाडला आणि तीनदा बांधला. मग नोंदी वाचल्या. नोंदीत प्रत्येक वेळी एकच रड: तार निघाली. अर्ध्या मिनिटाने: तार लागली. आता तार कोण काढणार? खोलीत त्या एकट्या. त्यांनी तार बदलली. मग दुसरीही बदलली. यंत्राचं झाकण उघडून तार जोडायचं कार्डसुद्धा बदललं. पाहुणा पाठवला. तार निघाली.

राहिलं तारेचं दुसरं टोक. ते खाली, दोन मजले उतरून जिन्याखालच्या लोखंडी कपाटात. तिथे इमारतीतल्या सगळ्या तारा स्विच नावाच्या, चोवीस दारांच्या डब्यात येत, आणि प्रत्येक तारेला एक बारीक दिवा. दिवा विझला तर तार सैल. पिवळा झाला तर स्विचनेच दार लावून घेतलं. एवढं बघायचं होतं. पण बघायला एक माणूस खाली हवा आणि पाहुणा पाठवायला एक वर.

बेचाळीस पायऱ्या. बावन्नाव्या वर्षी. पहिल्यांदा त्या चष्मा हातात धरून धावल्या, दुसऱ्यांदा चपला काढून. दोन्ही वेळा पोचेपर्यंत दिवा हिरवागार.

पूर्वी अशा वेळी खाली तारवाले असत. हे तारा ओढायचं, स्विच सांभाळायचं काम बघायचे. बारा वर्षं दोघं एकाच खोलीत बसली. ते खालून ओरडायचे, "सोडा!" या वरून ओरडायच्या, "सोडला!" आणि पहिल्या मजल्यावरचे हिशेबनीस दार आपटून लावून घ्यायचे. मग तारवाल्यांच्या बायकोचं एक अंग लुळं पडलं. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि एका मंगळवारी जेवताना तसं सांगितलं. यंत्रबाई म्हणाल्या, "बरं." निरोपसमारंभाच्या दिवशी दाढ दुखते म्हणून त्यांनी रजा टाकली. पुढे त्यांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा यांनी 'कामात आहे' असं लिहून पाठवलं. तिसरा आला नाही. त्याच महिन्यात, एकोणीस वर्षं सोबत राहिलेली धाकटी बहीण नातवाला सांभाळायला मुलाकडे राहायला गेली. तिलाही यंत्रबाई "बरं" म्हणाल्या होत्या. स्टेशनवरून परत येऊन त्यांनी तिच्या खोलीतला दिवा बंद केला, तो अजून लावला नव्हता.

चार वाजले. जिन्यावर मावशी पोछा मारत होती. दोन वर्षांत यंत्रबाई तिच्याशी एकच वाक्य बोलल्या होत्या, तेही रोज.

"मावशी, जरा एक काम होतं."

मावशी दचकून भिंतीला टेकली. "मी नाही हो हात लावला कशाला!"

"तसं नाही. खाली त्या कपाटासमोर उभ्या राहाल का? बावीस नंबरचा दिवा हिरवा आहे. त्याचा रंग बदलला की मला ओरडून सांगायचं. बावीस, म्हणजे दोनावर..."

"आकडे येतात मला. चौदा खोल्या नंबर बघूनच पुसते." मावशीने पोछा बादलीत उभा केला. "ओरडू म्हणजे किती?"

"हिशेबनीस दार लावतील इतकं."

मावशी हसतच खाली गेली. यंत्रबाईंनी वर येऊन खोलीचं दार उघडं ठेवलं आणि पाहुणा सोडला.

"हिरवा!" खालून आवाज आला. "हिरवाच आहे! अजून हिर... अगं बाई! पिवळा! ताई, पिवळा झाला! मी काही केलं नाही!"

"बघत राहा!"

"पिवळाच! पिवळाच हो! हां... आता हिरवा!"

पहिल्या मजल्यावर दार आपटलं. यंत्रबाई खुर्चीतून उठल्या. त्या खाली गेल्या.

"सापडलं का?" मावशीने विचारलं. तिचा चेहरा परीक्षा दिल्यासारखा झाला होता.

"सापडलं. स्विचच दार लावतोय. पण का लावतोय ते बघायला त्याचा पासवर्ड लागेल, आणि तो एकाच माणसाकडे आहे."

"मग करा की तारवाल्यांना फोन."

"तुम्हाला काय माहीत तारवाल्यांकडे आहे ते?"

"आणि कुणाकडे असणार?" मावशीने पोछा पिळला. "जायच्या दिवशी दोनदा वर चढून आले होते ते. तुमच्या खोलीला कुलूप बघून परत खाली गेले. जिना ओला होता, मीच ओरडले त्यांना, पाय उमटतील म्हणून."

यंत्रबाई वळल्या. वर आल्या, फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हाताऱ्या यजमानाच्या पंख्याचा आवाज एकदम चढला आणि खाली आला. त्यांनी फोन सुलटा केला.

पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"बोला यंत्रबाई. दाढ काय म्हणते?"

अकरा महिन्यांनी माणूस हे विचारतो!

"काढली," त्या म्हणाल्या.

"उत्तम केलंत. दुखतंय म्हणून किती दिवस सांगणार."

यंत्रबाईंनी ते ऐकलंच नाही असं दाखवून एका दमात सगळं सांगितलं. पूल, तार, कार्ड, पिवळा दिवा.

"म्हणजे एकटं असताना ठीक?"

"हो."

"आणि पाहुणा आला की गप्प?"

"अर्धं मिनिट."

पलीकडे तारवाले खुदकन हसले. "बावीस नंबर. अहो, तो तर तुमचाच हुकूम!"

"माझा?"

"हिशेबनिसांनी घरून वायफायची एक डबी आणून टेबलाखाली लावली होती, आठवतं? सगळ्या इमारतीचं नेट बंद पडलं होतं. तुम्ही जिन्यात उभं राहून मला म्हणालात, आजपासून एका दाराला एकच यंत्र. दुसरं दिसलं की दार बंद करा, मला विचारूसुद्धा नका. मी बसून चोवीसपैकी तेवीस दारांना तसं करून टाकलं. फक्त म्हाताऱ्याचं मोकळं ठेवलं, त्याच्याकडे पाहुणे असतात म्हणून. अर्ध्या मिनिटाने दार आपोआप उघडतं ती माझी भर. म्हटलं, एवढी कडक शिक्षा नको."

यंत्रबाईंना सगळं लख्ख आठवलं. तो जिना, स्वतःचा चढलेला आवाज, समोर मान डोलावणारे तारवाले. यजमानाचा पत्ता एक, पाहुण्याचा दुसरा. पुलामुळे दोन्ही एकाच तारेवरून स्विचसमोर आले, आणि दुसरा चेहरा दिसताच त्याने दार लावलं. पूल पहिल्यापासून नीटच होता.

"मी विसरले," त्या म्हणाल्या.

"मी नव्हतो विसरलो. जाताना सांगायच्या गोष्टींची यादीच केली होती. त्यातलं हे तिसरं."

"मग?"

"मग काय? खोलीला कुलूप होतं."

पलीकडे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"पासवर्ड घ्या," तारवालेच म्हणाले. "हात लावू नका."

"अहो, हात लावल्याशिवाय कसं..."

"हाच पासवर्ड आहे. सगळं सलग, इंग्रजी अक्षरांत. दिवसातून दहा वेळा ऐकायचो. विसरण्याची सोयच नव्हती."

यंत्रबाई हसल्या. हसायची सवय मोडल्यामुळे ते खोकल्यासारखं वाजलं.

"चला, हिची औषधाची वेळ झाली," ते म्हणाले. "झालं की कळवा."

स्विचमध्ये शिरायला दोन मिनिटं लागली, बाविसावं दार मोकळं करायला एक ओळ. चाचणीचा पाहुणा पाठवला. त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं, पाच गेली. यजमान बोलत होता, पाहुणाही बोलत होता.

पाच वीसला त्यांनी खरा पाहुणा हलवला. त्या क्षणी एकसष्ट माणसं पुस्तक ऐकत होती. आकडा पडद्यावर होता. एकसष्ट. एकसष्ट. पाहुणा नव्या घरात उतरला. एकसष्ट. मग त्यांनी म्हाताऱ्या यजमानाला रीतसर बंद केलं. पंखे घरघरत थांबले आणि खोली इतकी शांत झाली की भिंतीवरचं घड्याळ वाजतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

त्यांनी हेडबाईंना फोन लावला.

"बाई, आत्ता मधे आवाज तुटला का हो?"

"नाही. का? काही झालं का?"

"नाही, काही नाही."

"मग मधे बोलू नका, प्रकरण रंगात आलंय," हेडबाई म्हणाल्या आणि ठेवून दिला.

दिवसभराच्या कष्टांना मिळणारी शाबासकी ती हीच. काम नीट झालं तर कुणाला कळत नाही. हे एकाच माणसाला सांगण्यासारखं होतं.

या वेळी फोन बराच वाजला. उचलला तो तारवाल्यांच्या बायकोने, आणि तिचा एकेक शब्द जड पाय उचलावा तसा येत होता.

"ते... झोपलेत. खुर्चीतच. उठवू?"

"नको, नको. फक्त सांगा, पाहुणा राहिला."

"कोण... पाहुणा?"

"त्यांना कळेल."

"तुम्ही... दाढवाल्या ना?"

यंत्रबाईंचा चेहरा तापला. "हो. मीच ती."

"या... एकदा. इकडे... कुणी येत नाही."

ओठांवर 'बरं' तयार होतं. अकरा महिने तेच तर चालत आलं होतं. यंत्रबाईंनी ते गिळलं.

"रविवारी येऊ?"

उत्तर यायला वेळ लागला. यंत्रबाई थांबल्या.

"या," ती म्हणाली.

सहाला मावशी खालच्या दाराशी किल्ल्या वाजवत उभी होती. यंत्रबाईंनी दिवा बंद केला, चपला घातल्या आणि बेचाळीस पायऱ्या एकेक करून उतरल्या. कपाटासमोर त्या थांबल्या. बाविसावा दिवा हिरवा होता. त्या तिथे पुरतं अर्धं मिनिट उभ्या राहिल्या. हिरवाच होता.