भिंतीतली ऊब

बारा खोल्यांचं घर तापवायला कुठली यंत्रणा घ्यावी, यावरून यॉर्कशरच्या विनिफ्रेडबाई आणि त्यांची लेक हेस्टर आठवडाभर भांडत होत्या. "थंडी वाजली तर स्वेटर घालावा," हे बाईंचं पालुपद. शेवटी हेस्टरने चाचणीपुरता प्रत्येक खोलीच्या भिंतीवर मोबाइलवर आकडा दाखवणारा एकेक तापमापक लावला आणि मोबाइल आईपुढे धरला.

"बाबांच्या खोलीत आता कोणी जात नाही. तिथला हीटर बंदच ठेवू," हेस्टर म्हणाली.

"बंदच आहे की. मग तिथे एकवीस अंश कसे?" बाईंनी विचारलं.

दोघी वर गेल्या. खोली गारठलेली, पण तापमापकामागची भिंत मात्र गायीच्या पाठीसारखी कोमट. बाईंनी कान लावला. आत गुणगुण चालली होती.

गेल्या पानगळीत बाईंचा नवरा वारला, तेव्हा बागेतली मधमाश्यांची पेटी रिकामी निघाली होती. त्या इथे येऊन राहिल्या होत्या. बाहेर बर्फ, आणि एवढ्याशा जिवांनी एकमेकींना बिलगून अख्खी भिंत तापवली होती.

मालक गेला की मधमाश्यांना सांगायचं, ही इथली रीत. पेटीच रिकामी, म्हणून ते राहून गेलं होतं.

बाईंनी भिंतीवर हलकेच टकटक केली. "बायांनो, तुमचा मालक गेला गं."

गुणगुण एकदम चढली. हेस्टरच्या हातातल्या मोबाइलवर एकविसाचे बावीस झाले.