गुंजनच्या नावानं

समुद्रपूरच्या बसस्टँडजवळ भैय्याजींचं साड्यांचं दुकान. यंदा, म्हणजे दोन हजार आठच्या दसऱ्याआधी, नवा माल आला आणि नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत लेकीला, गुंजनला, एकेक साडी नेसवून उभं केलं. काचेतल्या पुतळीला पैसे पडतात, घरच्या मुलीला पडत नाहीत. तिचा मोठा भाऊ पियुष डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढत होता.

“पदर पुढं घे. अन् हास नं थोडी.”

“दादा, माही कॉलेजची बस चुकंल.”

“दोनच राह्यल्या वं. अल्बमात लावाले पायजे.”

फोटो काउंटरवरच्या अल्बमात जातात, अशी गुंजनची समजूत होती. तिथं ते जातही होते. पण तीन महिन्यांपूर्वी दुकानात इंटरनेट आलं होतं. पियुषनं आधी ऑर्कुटवर दुकानाच्या नावानं पान उघडलं. महिनाभरात चार मित्र जमले, चारही त्याच्याच वर्गातले. मग त्यानं बहिणीचं नाव आणि बहिणीचे फोटो लावून दुसरं पान उघडलं, तर पंधरा दिवसांत दोनशे जण हजर. कोणी लिहिलं, ‘मोरपंखी रंग तुम्हाला खुलतो,’ की हा गुंजन होऊन उत्तर द्यायचा, ‘अशीच एक घरी घेऊन जा. दुकानात या, मी असते.’ माणसं खरंच येऊ लागली. साडी घ्यायची आणि जाताना आतल्या पडद्याकडे बघायची. पियुष याला मार्केटिंग म्हणायचा. मला विचाराल तर याला दुसरा शब्द आहे, पण तो रविवारच्या पुरवणीत छापत नाहीत.

भैय्याजींनी एकदा ते पाहिलं होतं.

“हे काय बे, पोरीच्या नावानं?”

“बाबा, गिऱ्हाईक येऊन राह्यलं नं.”

भैय्याजी पुन्हा आपल्या गादीवर जाऊन बसले. विषय संपला.

गुंजनला यातलं काही ठाऊक नव्हतं. एक दिवस हिंगणघाटच्या बसमध्ये एक अनोळखी माणूस तिच्या सीटजवळ येऊन म्हणाला, “काय गुंजनजी, काल तं गोड बोलत होत्या, आज वळख नाई?” ती घाबरली आणि घरी येऊन तिनं आईला सांगितलं. इथं आईनं लेकीला जवळ घ्यायला हवं होतं. पण वच्छलाबाई म्हणाल्या, “त्यानं तुह्यंच नाव काऊन घेतलं? दुसरीचं काऊन नाई?” दुसऱ्या दिवसापासून त्या बस आल्याबरोबर घड्याळ बघू लागल्या. गुंजन आंघोळीला गेली की तिची बॅग उचकू लागल्या. वहीत नोट्सशिवाय काही सापडलं नाही, त्यामुळं त्यांचा संशय आणखीच वाढला.

त्याच सुमारास हिंगणघाटच्या बापूरावांनी आपल्या पुतण्याचं, अंकितचं, स्थळ आणलं. पसंती झाली, चौकशी बाकी राहिली. आपल्याकडची ही चौकशी मोठी मजेशीर असते. मुलाची धंद्यापाशी थांबते, मुलीची कुठंच थांबत नाही. पूर्वी शेजारीपाजारी विचारायचे, आता नेट कॅफेत बसतात, एवढीच काय ती सुधारणा.

ठरलेल्या दुपारी बापूराव अंकितला घेऊन आले. चहा झाला. मग त्यांनी पिशवीतून छापील कागदांचा गठ्ठा काढून सगळ्यांसमोर ठेवला. त्यावर गुंजनचे फोटो होते आणि खाली परक्या पुरुषांशी झालेलं बोलणं होतं.

“आमच्या अंकितनंच दुसऱ्या नावानं लिहून पाह्यलं,” बापूराव म्हणाले. “म्हटलं, पोरगी कशी हाय ते पाहू. तं दुसऱ्याच दिवशी उत्तर. आठ दिवस बोलून राह्यली.”

गुंजननं कागद उचलले. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.

“मी हे लिहिलं नाई. पण फोटो आपल्या मागच्या खोलीतले हाय.” ती भावाकडे वळली. “फोटो तं तूच काढते, दादा. कोनं लिहिलं हे?”

पियुष चहाचे कप गोळा करू लागला. गुंजननं वडिलांकडे पाहिलं.

“बाबा, तुमाले मालूम हाय?”

भैय्याजींना मालूम होतं. पण दसरा-दिवाळीचा सीझन तोंडावर होता, आणि दुकानदारच मुलगी होऊन गिऱ्हाइकांशी गोड बोलतो हे बाहेर फुटलं तर बाजारात हसू झालं असतं. ते बापूरावांना म्हणाले, “पोरगी हाय. झाली असंल चूक. माफी मागते ते.”

बापाच्या तोंडून हे ऐकून गुंजननं हातातले कागद खाली ठेवले. तिनं अंकितला विचारलं, “कोनत्या नावानं लिहिलं तुमी?”

“राज,” अंकित पुटपुटला.

“दादा, ह्या राजले तूच लिहून राह्यला होता नं?”

पियुषचे कान लाल झाले. अंकितनं त्याच्याकडे पाहिलं. आठ दिवस आपण कोणाच्या डोळ्यांची तारीफ करत होतो ते त्याला उमगलं आणि त्यानं मान खाली घातली.

एवढं उघड झाल्यावर तरी बापूरावांनी शरमावं की नाही? ते शांतपणे म्हणाले, “बरं, लिहिलं कोनंबी असो. नाव तं पोरीचंच झालं. चार ओळीची माफी लिहून द्या, आमी मिटवून घेतो.” भैय्याजींनी लगेच कागद-पेन पुढं केलं.

गुंजननं लिहिलं आणि उभं राहून वाचलं. ‘फोटो माझे आहेत. शब्द माझ्या भावाचे आहेत. वडिलांना सगळं माहीत होतं. हे लग्न मला करायचं नाही.’ खाली सही करून तो कागद तिनं बापूरावांच्या हाती दिला.

“हाबी तुमच्या गठ्ठ्यात ठेवा. कोनाले दाखवाल तं हा पह्यले दाखवजा.”

पाहुणे निघून गेले. तिनं पियुषला काँप्युटरसमोर बसवून त्याच ओळी ऑर्कुटच्या त्या पानावर टाकायला लावल्या. थोड्याच वेळात पहिलं उत्तर आलं. ‘आज खरी गुंजन बोलली. नंबर द्या.’

मागं उभ्या असलेल्या वच्छलाबाईंनी ते वाचलं. “अन् मी तुह्यी ब्याग तपासत होती,” त्या म्हणाल्या. गुंजननं भावाला पान पुसायला सांगितलं. ते पान पुसलं जाईपर्यंत ती भावाच्या खुर्चीमागून हलली नाही.

आज भैय्याजी लेकीशी बोलत नाहीत. सीझन बुडाला त्याचा दोष तिच्याच माथी आहे. बापूराव दुसरी मुलगी शोधताहेत. तुमच्या गल्लीतलीही असेल. एखाद्या दुपारी ते तुमच्या दारात येतील, पाणी मागतील आणि आवाज खाली करून विचारतील, “पोरगी कशी हाय वो?” तेव्हा त्यांना काय सांगायचं, ते आजच ठरवून ठेवा.